कान्हूच्या फोनातले डोळे

पेणजवळच्या आमच्या जोहे गावात गणपती घरोघरी घडतात, पण त्यांना नजर देणारा कान्हू एकच. असं तो स्वतःच सांगतो आणि आम्ही ऐकून घेतो, कारण ते बरंचसं खरं आहे. रंग सुकलेल्या मूर्तीपुढे तो मांडी घालतो, श्वास थोपवतो आणि ब्रशाचं टोक हलकेच टेकवतो. एकदा आखणीला बसला की दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत बोलत नाही. कुणी हाक मारली तर उत्तर त्याची बायको वैशाली देते.

त्याच्या शेजारी बसून मनाली शिकली. गावातलीच पोर. आधी पितांबराच्या किनारी, मग नखं, मग भुवया. डोळ्यांना मात्र कान्हूने तिला कधी हात लावू दिला नाही. लग्न होऊन ती रोह्याला गेली, तिथे रोह्यालगतच्या अष्टमी गावात सासरच्या पडवीत तिने आपला कारखाना मांडला आणि डोळे आखू लागली. तेव्हापासून कुणी रोह्याचं नाव काढलं की कान्हूला ब्रश धुवायची आठवण होते.

यंदा कोलाडचे हैबतराव मूर्ती सांगायला आले. "गेल्या वर्षीचीच नजर पायजे. आरतीला उभं राह्यलं की आपल्याकडंच बघतोय असं वाटायचं. रविवारी बघायला येतो." उठता उठता म्हणाले, "नाय जमलं तर सांग बाबा. रोह्यात ती पोर करते, तिचे पण बोलके असतात."

कान्हू हसला. ते गेल्यावर त्याने ताजा कालवलेला रंग मोरीत ओतून दिला.

तीच नजर आणायची तर गेल्या वर्षीचा फोटो हवा होता. तो फोनात होता, आणि अपडेट झाल्यापासून फोन नुसता उजळून विझत होता. पेणला मोबाइल दुरुस्तीवाल्या हर्षदने तो सगळा पुसून नव्याने चालू केला. फोन उठला, भाषा विचारली आणि अडला. यात आधी जे अकाउंट होतं, त्यानेच लॉगिन करा म्हणाला.

"पासवर्ड सांगा," हर्षद म्हणाला.

"मी कधी टाकलाच नाय."

"मग अकाउंट कुणाचं?"

कान्हूला आता आठवलं. फोन नवा घेतला तेव्हा त्याचे हात रंगाने भरलेले होते. मनालीच म्हणाली होती, "दादा, माझंच टाकते. मूर्तींचे फोटो दोघांना सापडतील." कारखान्यात एकाच वाटीत दोघांनी ब्रश बुडवावा, तसं ते झालं होतं.

"तिच्या फोनवर विचारणा जाईल," हर्षद म्हणाला. "तिनं हो म्हटलं की उघडेल. फोटोही अकाउंटवरून परत उतरतील."

मनालीचा नंबर वैशालीकडे होता. पण कान्हूने दुसऱ्या सकाळी रोह्याची एसटी धरली. फोनचं निमित्त होतं. ती आखते कशी, ते त्याला बघायचं होतं.

पडवीत मनाली मूर्तीपुढे मांडी घालून बसली होती. एक डोळा पुरा झाला होता. तिने मान वळवली नाही. सासू आतून म्हणाली, "आखणीला बसलीय. टेका तुम्ही."

कान्हू टेकला. तिने श्वास थोपवला, तेव्हा त्याचाही थांबला. रेघ बाहेरच्या कोपऱ्याकडे गेली आणि कुठे संपली ते कळलंही नाही. हे त्याने तिला शिकवलं नव्हतं. तिने नुसतं बघून घेतलं होतं.

"दादा, इकडं कुठं वाट चुकलात?" ब्रश ठेवत ती म्हणाली.

"कोलाडला निघालो होतो. फोन अडलाय, म्हटलं जाता जाता..."

"कोलाडला जायला रोहा कशाला लागतो? एक फोन करायचा ना."

तिच्या नेटवर फोन जोडला. त्याच्या पडद्यावर आकडा उमटला. "वाचा," ती म्हणाली. त्याने तो जड जिभेने वाचला. तिने आपल्या फोनवर तोच दाबला, आणि फोन उघडला.

मग फोटो उतरू लागले. त्याचे गणपती, मधेच तिचे, पुन्हा त्याचे. आजवर तो फक्त स्वतः काढलेले फोटो बघत असे. तिचेही इथेच साठताहेत, आणि आपले तिला दिसताहेत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एका नजरेशी त्याचं बोट थांबलं.

"ही माझी," तो म्हणाला.

मनालीने वाकून पाहिलं. "नाय दादा. ती मागची पडवी बघा, हीच हाय."

हैबतरावांच्या गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो त्याच्या खालीच होता. कान्हूने दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले.

"आता तुमचं वेगळं अकाउंट काढून देते," ती म्हणाली. "माझं काढून टाका, परत अडायला नको."

कान्हूने फोन खिशात घातला. "राहू दे. सण झाल्यावर बघू."

रविवारी हैबतराव आले, मूर्तीसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "हीच ती." कान्हूने मान हलवली. त्याचं लक्ष फोनकडे होतं.

आता रोज संध्याकाळी रोह्याचे नवे डोळे त्याच्या फोनात येतात. भिंतीकडे तोंड करून तो ते बोटांनी मोठे करून बघतो. "डावा जरा खाली गेलाय," पुटपुटतो. वैशाली विचारते, "कुणाचा?" तो दाखवत नाही.

आणि स्वतःच्या मूर्तींचे फोटो काढणं त्याने बंद केलं आहे.