खंडेनवमीची डिस्क

आकाराम चौगुल्यांच्या वहीत अकरा वर्षांत एक खाडा नव्हता. रोज सकाळी चहाच्या आधी ते सर्व्हरचा बॅकअप घेत. स्क्रीनवर फाईल उमटली की वहीत तारखेपुढं बरोबरची खूण करत आणि मगच कपाला हात लावत. दूध संघाच्या जनावरांच्या दवाखान्यात ते टायपिस्ट म्हणून लागले होते, बाकीचं बघून बघून शिकले. संघाचे मॅनेजर उदयसिंह साहेब पाहुण्यांना ती वही आवर्जून दाखवत.

सर्व्हरमध्ये प्रत्येक गाई-म्हशीची नोंद होती. कानातल्या टॅगचा नंबर टाकला की लस, रेतन, वासरं, सगळं डॉक्टरांना मोबाईलवर दिसे. या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर आता जुनं झालं होतं आणि नवी आवृत्ती रविवारी दुपारी चढवायची ठरली होती. म्हैस माजावर आल्याचे फोन सकाळ-संध्याकाळ येतात. दुपारी जरा उसंत असते.

तयारीसाठी कंपनीनं संयोगिताला पाठवलं. पोरगी उचगावची, सव्वीस वर्षांची. तिच्याकडं चौदा कामांची यादी होती. चौथं काम होतं, बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून बघणं.

"काका, तुमची वही हाय की. मारू का टिक?"

"लिवलंय न्हवं? मग करूनच मार."

तिनं रोजच्या बॅकअपची काळी डिस्क सर्व्हरपासून काढून मोकळ्या कॉम्प्युटरला लावली आणि शेवटच्या नंबरची फाईल उचलली. फाईलींना तारखा नव्हत्या, नुसते नंबर होते. दोन तासांनी सगळं व्यवस्थित उतरलं. ती टिक मारणार, तेवढ्यात आकाराम म्हणाले, "थांब. माझी म्हस बघू."

हातकणंगल्याच्या घरच्या म्हशीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. म्हैस आली. वासरांची जागा मात्र मोकळी. संक्रांतीला झालेल्या रेडीला टॅग मारताना त्यांनी स्वतः तिची मान धरली होती.

"रेडी न्हाय," ते म्हणाले.

संयोगितानं सगळ्यात शेवटची नोंद काढली. ती गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची होती.

आकारामांना लगेच आठवलं. खंडेनवमीला घरोघरी विळे-खुरपी पुजतात, तसं ते सर्व्हर बंद करून डिस्क पाटावर ठेवत, हळदीकुंकू लावत आणि दसऱ्यापर्यंत तिला कुणाला हात लावू देत नसत. गेल्या दसऱ्याला सकाळीच एक म्हैस अडल्याचा फोन आला. घाईत त्यांनी आधी सर्व्हर चालू केला आणि डिस्क नंतर जोडली. उशिरा आलेल्या डिस्कला सर्व्हरनं घरात घेतलंच नाही. सर्व्हर बॅकअप स्वतःच्याच पोटात, डिस्कच्याच नावाच्या कप्प्यात साठवत राहिला. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप घालावं, तसं झालं होतं. आणि आकाराम रोज खूण करत होते.

संयोगितानं दार लोटून घेतलं. "काका, सर्व्हर चालू हाय, काय गेलेलं न्हाय. डिस्क नीट जोडू, ताजा बॅकअप घेऊ. कुणाला कळतंय?"

आकारामांनी वहीवरून हात फिरवला. मार्चमध्ये त्यांची निवृत्ती होती.

"गडहिंग्लजला कळायचं न्हाय, हीच तर अडचण हाय," ते म्हणाले. तिथल्या केंद्रात वेगळा सर्व्हर होता. तो सांभाळणाऱ्या ज्ञानूला ही पूजा त्यांनीच शिकवली होती. मोबाईलवर फोटोसुद्धा पाठवला होता.

त्यांनी फोन लावला. "ज्ञानू, माझं चुकलंय. तुझी डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावून बघ."

"काका, माझ्या वहीत रोज टिक हाय की."

"माझ्या बी हाय."

अर्ध्या तासानं ज्ञानूचा फोन आला. त्याच्या डिस्कवर दोन दसऱ्यांपासून नवं काही उतरलंच नव्हतं.

मग आकाराम वही घेऊन साहेबांकडं गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी पानं चाळली. एकेका पानावर तीस-तीस खुणा.

"म्हणजे इतकं म्हैनं देवाच्या भरवशावर?"

"न्हाय साहेब. देवापायीच झालं."

साहेब हसले नाहीत. "हा रविवार रद्द, पुढच्या रविवारी करा. सगळ्या केंद्रांना पत्र काढा, काय चुकलं ते लिहा. सही तुमचीच."

पत्र लिहायला फार वेळ लागला नाही. सही करताना मात्र पेन दोनदा अडलं.

दुपारी ताजा बॅकअप घेऊन दोघांनी तो पुन्हा उतरवला. तोवर आकारामांनी पट्टीनं वहीत नवा रकाना आखला, 'उतरवून बघितलं'. मग म्हशीचा नंबर टाकला आणि घरी बायकोला, क्रांतीला, फोन केला.

"रेडी आली बघ."

"कुठनं आली? गोठ्यातच हाय की! मगाशी पाणी दाखवलंय." ती थांबली. "ओ, चा घेतलासा न्हवं आज?"

"न्हाय," आकाराम म्हणाले, आणि पलीकडं सकाळपासून झाकून ठेवलेल्या कपाकडं हात गेला.