मान वर करून

नगरच्या एमआयडीसीत तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता. बॉयलरच्या वाफेने त्याचा गळा भाजला आणि जखम भरताना कातडी अशी आवळली, की हनुवटी छातीकडे ओढली गेली. तेव्हापासून तो सगळ्यांशी खाली बघूनच बोलायचा. फोरमनला तो फार आवडायला लागला. "माणूस असा नम्र पाहिजे," असं फोरमन आम्हाला सुनावायचा.

कामगार विम्याचं कार्ड खिशात घालून तो प्लास्टिक सर्जन शोधत हिंडला. कार्ड दिसलं की डॉक्टरांना एकदम घाई व्हायची. एकदा मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "ही सौंदर्याची शस्त्रक्रिया. विम्यात बसत नाही."

"सौंदर्य ऱ्हाऊ द्या, डाक्टर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला येष्टीची पाटी दिसत न्हाई. परवा शिर्डीला निघालो अन् शेवगावला गेल्तो."

मला हसू आलं. तो हसला नव्हता.

नकार मिळाला की तो "बरं" म्हणायचा आणि नकार देणाऱ्यालाच पुढच्या डॉक्टरचा पत्ता विचारायचा. असा विचारत विचारत तो पुण्याच्या एका सर्जनपर्यंत पोचला. त्यांनी कार्ड चालवून घेतलं आणि मांडीची कातडी काढून गळ्याला लावली.

तो कामावर परतला तेव्हा कितीतरी महिन्यांनी आम्हाला त्याचे डोळे नीट दिसले. फोरमनशीही तो समोर बघून बोलला. फोरमन भडकला, "लई मान वर झाली का रे तुझी?"

"व्हय सायेब," तो शांतपणे म्हणाला. "आता खाली घालायची तर परत आपरेशन करावं लागंल."