चढत्या ओळी

आमच्या बेळगुंदीत लढाईवरून आलेलं पत्र आधी मनात वाचायचं नाही, असा बायकांनीच घातलेला नियम होता. वाचणाऱ्याचा चेहरा उतरला की ऐकणारीचा जीव जातो, म्हणून पत्र फोडायचं आणि लगेच मोठ्यानं वाचायला लागायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दर शनिवारी बेळगावहून चालत आलो की पलटणीत गेलेल्या अण्णाचं पत्र वहिनीला मी वाचून दाखवत असे.

त्या शनिवारी मात्र माझे डोळे पुढे धावले. अण्णानं गोळीबारात पडलेल्या दोन जखमींना खांद्यावर घालून मागं आणलं होतं. तिसऱ्यासाठी गेला, तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. पत्र इस्पितळातल्या सोबत्यानं लिहिलं होतं. मी ते सगळं गाळलं आणि त्या जागी हवापाण्याची चार वाक्यं मनानंच घातली. बरं केलं की वाईट, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पुढचा आठवडाभर वर्गात माझं लक्ष नव्हतं. कुणी शिपाई रजेवर आला आणि बोलून गेला तर? वहिनीनं ते पत्र शाळेच्या मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतलं तर? शनिवारी उंबऱ्यात पाऊल टाकताना मी आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू होतं.

तिनं पेटीतली जुनी पत्रं घोंगड्यावर मांडली होती आणि शेजारी हे नवं. तिला वाचता येत नव्हतं.

“भावजी, ह्यांच्या ओळी चढाच्या असत्यात,” ती म्हणाली. “ह्या सरळ हाईत. ह्ये कुणी लिवलंय?”

मी खाली बसलो आणि या वेळी एक शब्दही न गाळता वाचलं. ती रडली नाही. अण्णा जिवंत आहे ना, एवढं तिनं दोनदा विचारून घेतलं. हाताचं आपण बघून घेऊ, म्हणाली. माझ्यावर रागावलीही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग तिनं पत्रावर बोट ठेवलं.

“आन् तो तिसरा?”

मी कागद उलटून पाहिला. त्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

“त्याच्या घरात कोण वाचून दावत असंल वं?” ती म्हणाली.