काचेवरचं बोट

"म्हणजे दोन्हींना," दत्ताराम म्हणाला, आणि गाडीपुढचा रस्ता दिसेनासा झाला.

भाऊबीजेची संध्याकाळ होती, सात वाजत आले होते. आम्ही मुरबाडकडून कल्याणला येत होतो. गाडीचा एक दिवा अर्ध्या तासापूर्वीच गेला होता. उरलेल्या एकावर चाललो होतो, तोही लुकलुकला आणि गेला. समोरून टेम्पो येत होता. त्याचे दिवे पांढरेफटक, डोळ्यांत सुया घालणारे. त्याला आमची अंधारातली गाडी दिसायचं काही कारणच नव्हतं. मी मागच्या सीटवर डाव्या अंगाला, मांडीवर नणंदेनं दिलेला करंज्यांचा डबा धरून बसले होते. दत्तारामनं गाडी डावीकडे घातली. ब्रेकचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला.

दत्ताराम माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची, कारण तशी रीत आहे. मनात कधी अहो म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही. माजिवड्याला पुलाच्या अलीकडे त्याची टपरी होती. गाड्यांचं वायरिंग, हॉर्न, दिवे. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. राहायला आम्ही ठाकुर्लीला, एकाच चाळीत, लागून दोन खोल्या. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. माझा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. मग जेवण मी करायची आणि बाजार तो आणायचा. आमचं पटत होतं म्हणून नव्हे. दोन माणसांना दोन चुली पेटवायचा दोघांनाही कंटाळा.

माणूस कडवट होता. नवऱ्याच्या फोटोला मी लाल बल्बांची माळ लावली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हा कामावरून आला, चप्पल काढायच्या आधी पक्कड काढली आणि माळेची वायर कापून टाकली. म्हणाला, "हा उजेड नाही, नुसता दिखावा आहे. दादाला असलं काही आवडायचं नाही." मी नंतर पाहिलं तर वायर आतून वितळली होती आणि तिच्यामागची भिंत काळी पडली होती. हे खरं आहे. पण आधी सांगायला तोंड होतं ना.

त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही, दाराशी बोललो. तो माझ्या उंबऱ्यावर ताट घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "दारा, आमटीत मीठ जास्त झालंय म्हणावं." मी आतून म्हणायची, "दारा, उद्यापासून स्वतः करून खा म्हणावं." शेजारची बाई म्हणायची, एक दिवस ते दारच तुम्हा दोघांना शिव्या देईल. पुढं त्या दाराला वाळवी लागली आणि मी लोखंडी दार बसवून घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं नव्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "याच्याशी माझी ओळख नाही," आणि थेट बोलायला लागला. बोलायला लागला म्हणजे गोड बोलायला लागला असं नाही.

टोमणा एकच, माझ्या शिक्षणाचा. मी चौथी शिकलेली, तो आठवी. त्या चार इयत्तांचा त्याला एवढा माज होता, की जणू वकील झाला होता. विजेचं बिल मी उलटं धरलेलं त्यानं एकदा पाहिलं, ते वीस वर्षं पुरवलं. चष्मा नव्हता म्हणून उलटं धरलं, हे सांगून काही उपयोग नव्हता.

मीही त्याला सोडत नव्हते. पण एकदा चाळीच्या मीटरमधून कुणीतरी चोरून वीज घेत असल्याचं निघालं. वायरमन म्हणून सगळ्यांची बोटं दत्तारामकडे वळली. चाळीचे सेक्रेटरी मुद्दाम माझ्याकडे आले. यांचं भांडण आहे, तर ही नक्की काहीतरी सांगेल, असा त्यांचा हिशेब. मी सांगितलं, माणूस वाईट आहे, चोर नाही. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं. दत्तारामनं आभार मानले नाहीत. फक्त त्या दिवसापासून माझा विषय निघाला की तो म्हणायचा, "वहिनी शिवी घालेल, पण खोटं बोलणार नाही." हे तो इतरांना सांगायचा. मला कधीच नाही.

त्याचं काम मी एकदाच जवळून बघितलं. पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेले होते, जाता जाता त्याचा डबा टपरीवर दिला. तिथं मोठ्या टॉवरमध्ये राहणारा एक माणूस नवी गाडी घेऊन आला होता. त्याला निळसर पांढरे, झगझगीत बल्ब हवे होते. दत्तारामनं स्टूल आणलं, गाडीच्या पुढं ठेवलं, त्या माणसाला त्यावर बसवलं. मग तसलेच बल्ब लावलेली दुसरी एक गाडी समोर आणून उभी केली आणि दिवे लावले. माणूस हात डोळ्यांवर घेऊन बसला. दत्तारामनं विचारलं, "मी कुठं उभा आहे, सांगा." त्याला सांगता येईना. "दिवा फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतो," दत्ताराम म्हणाला. "समोरच्याला आपण दिसावं म्हणून असतो. त्याला आंधळा केलात तर तो तुम्हालाच येऊन ठोकणार." गिऱ्हाईक चिडून निघून गेलं. दत्ताराम माझा डबा उघडून जेवायला बसला आणि म्हणाला, पोळ्या वातड आहेत.

यंदा गणपतीच्या आधी त्यानं दिवेलागणीला गाडी मागं घेताना चाळीची तुळस पाडली. मी म्हटलं, भाऊजींना दिसेनासं झालंय. तो म्हणाला, दिवे म्हातारे झालेत. मी म्हटलं, दिवे की दिवेवाले? त्यावर महिनाभर तो इरेला पेटल्यासारखा स्वतःच्या गाडीचे दिवे बदलत बसला. आधी पांढरे लावून बघितले. उजेड दुधासारखा, पण सगळीकडे सांडलेला, रस्त्यावर कमी आणि झाडांवर जास्त. ते काढले. मग दुप्पट ताकदीचे लावले, तर मागचा होल्डर तापून मऊ पडायला लागला. तेही काढले. शेवटी चांगल्यातले पिवळ्या उजेडाचे हॅलोजन आणले. म्हणाला, बल्ब बदलून अर्धंच काम होतं, जुन्या वायरीतून त्याला वीज पुरत नाही. म्हणून त्यानं बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर ओढली आणि मधे एक डबी बसवली, तिला तो रिले म्हणायचा. बल्ब मात्र लगेच लावले नाहीत. नवरात्र चालू होतं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्यांचीही पूजा होऊ दे, म्हणाला. एवढी एक गोष्ट तो पाळायचा.

खंडेनवमीला त्यानं पाटावर पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर मांडले आणि शेजारी बल्बांचे दोन खोके ठेवले. पूजा करायची मी. मला म्हणाला, "हत्यारांना काय लावायचं ते लावा. खोक्यांवर फूल ठेवा. पण बल्ब बाहेर काढायचे नाहीत, काचेला बोट लागता कामा नये. बोटाचं तेल लागलं की काच तिथंच तापते आणि बल्ब जातो." आंघोळीला जाता जाता मागं वळून म्हणाला, "चौथीपर्यंत एवढं शिकवत नाहीत."

हे शेवटचं बोलला नसता तर मी काही केलं नसतं, असं मला म्हणता आलं असतं. पण केलंच असतं. घरात नवा दिवा आला आणि त्याला हळदकुंकू लावायचं नाही, हे मला पटण्यासारखं नव्हतं. दिव्याला तर सगळ्यांच्या आधी. मी नुकतंच समईत तेल घातलं होतं, बोटं तेलकट होती. तशाच बोटानं एका बल्बच्या काचेला हळदकुंकू लावलं, मग दुसऱ्याच्या. न्हाणीत तांब्या वाजायचा थांबला तेव्हा भानावर आले. दोन्ही काचा पदरानं पुसल्या, खोक्यांत घातल्या, वर फुलं ठेवली. काचा स्वच्छ दिसत होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं बल्ब बसवले. धुतलेल्या रुमालानं मागच्या पत्र्याला धरून, काचेला स्वतःचा श्वाससुद्धा लागू न देता. संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या भिंतीसमोर गाडी लावली, भिंतीवर खडूनं दोन फुल्या मारल्या आणि उजेड बरोबर फुल्यांच्या खाली पडेपर्यंत स्क्रू फिरवत बसला. मग मला हाक मारली. उजेड खरंच चांगला होता, तुपासारखा. मी म्हटलं, बरा आहे. मनात म्हटलं, हळदकुंकवाचा गुण.

भाऊबीजेला तो दर वर्षी मुरबाडच्या पुढं बहिणीकडे जायचा. सुमन, माझी नणंद. यंदा तिनं मलाही आणायला सांगितलं. मी पुढं त्याच्या शेजारी बसले नाही, मागं बसले. तिनं त्याला ओवाळलं, आम्ही जेवलो, आणि सूर्य मावळल्यावर निघालो. वीसेक मिनिटांत उजवा दिवा गेला.

त्यानं एका बंद दुकानासमोर गाडी उभी केली. सणाचा दिवस, सगळीच दुकानं बंद. बॉनेट उघडून रुमालानं बल्ब काढला आणि मला मोबाइलची बॅटरी धरायला सांगितली. काचेला एक फोड आला होता, आणि फोडाभोवती बोटाच्या पेराएवढा पांढुरका डाग.

"वहिनी, हे बोट आहे."

"असेल."

"कुणाचं?"

"मला काय माहीत."

तो माझ्या हाताकडे बघत होता. मी बॅटरी हलवली नाही. मग तो कामाला लागला. नुसता डावा दिवा चालू असला की समोरच्याला वाटतं मोटरसायकल आहे, म्हणून तो अंगावर येतो, असं म्हणाला. डाव्या बाजूचा बल्ब काढून तो उजवीकडे घालणार होता. काढला आणि हातात धरून थांबला.

"याला कुणाचा हात लागलाय का? लागला असेल तर इथून पुढं जायचं नाही. माघारी सुमनकडे जाऊ, झोपू, सकाळी निघू. नीट आठवून सांगा."

आठवायला काहीच नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर होतं. हो म्हटलं असतं तर त्यानं रागावून एक शब्दही काढला नसता. तो फक्त चौथी म्हणाला असता. सुमनच्या घरी परत जाऊन, सगळ्यांसमोर म्हणाला असता, आणि मग मरेपर्यंत रोज जेवताना.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. बल्ब बसवत स्वतःशीच म्हणाला, "वहिनी नाही म्हणतात म्हणजे नाही." माझ्या तोंडावर हे तो पहिल्यांदाच म्हणाला.

मग आम्ही निघालो. हळू चालवत होता. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. टेम्पोचा मार उजव्या अंगाला बसला. टेम्पोवाला पळून गेला नाही, त्यानंच आम्हाला उचलून दवाखान्यात नेलं. माझं गळ्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दिवे गेले. का गेले, हे त्यांनी विचारलं नाही.

दत्तारामच्या तेराव्याला माजिवड्याचे गॅरेजवाले आले होते. मी आत पडून होते, लोखंडी दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. एकजण हळू आवाजात म्हणाला, जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतःच्या गाडीला डुप्लिकेट माल लावला. दुसरा म्हणाला, डुप्लिकेट कशाला, वय झालं होतं, हात थरथरत असणार, नीट बसवलेच नसतील. तिसऱ्यानं मान हलवली. दत्तारामच्या चाळीस वर्षांच्या कामातलं एवढंच उरलं होतं, आणि तेही लोक चहाबरोबर संपवत होते.

मी उठून दारात आले. गळ्यात पट्टा होता, त्यामुळे मान वळत नव्हती, सगळ्यांकडे सरळच बघावं लागलं. म्हटलं, "बल्ब चांगले होते. बसवलेही नीट. काचेला बोट मी लावलं, दोन्हींच्या. त्यानं विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं."

मग त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या मावशी, होतं असं."

"होत नाही असं," मी म्हटलं. "मी केलं म्हणून झालं. माजिवड्याला जाऊन असंच सांगा."

सुमन भिंतीशी बसली होती. ती उठली, पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. दाराशीसुद्धा ती माझ्यासाठी काही बोलणार नाही. टाकीच्या भिंतीवरच्या खडूच्या फुल्या अजून आहेत. चाळीतले लोक मला विचारतात, पुसू का. मी म्हणते, त्यांना हात लावू नका.

गाडीत आम्ही दोघं होतो. वाचले ती मी.