सेल काढलेली वीस मिनिटं

त्या रविवारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. आज मी स्वतः साठी ओलांडली आहे, तरी कुणी कानातलं यंत्र काढून बाजूला ठेवलं की मी बोलता बोलता गप्प होतो. समोरच्याला वाटतं, मी त्याच्यासाठी थांबलो. तसं नसतं. मी घाबरलेला असतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची एक खोली होती. तिथे मी, माझी बायको आणि बाबा राहायचो. आई आधीच गेली होती. बाबांनी तीस वर्षं गिरणीच्या लूम खात्यात माग चालवले. संपानंतर गिरणी काही सुरू झाली नाही, आणि ते दिवसभर घरी बसू लागल्यावर आम्हाला कळलं की त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मागांच्या खडखडाटाने कान गेले होते. डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं. तेव्हाची यंत्रं आजच्यासारखी नखाएवढी नव्हती. शर्टाच्या खिशात ठेवायची एक डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात घालायची गुंडी.

मी भांडुपला एका कारखान्यात मीटर तपासायच्या कामावर होतो, त्यामुळे यंत्राची निगा आपोआप माझ्याकडे आली. मी ती मनापासून घेतली, हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना कुणाचा विश्वास बसणार नाही. यंत्राचा खरा शत्रू घाम. म्हणून बायकोकडून धुवट मलमलीची पिशवी शिवून घेतली आणि डबी त्या पिशवीत घालून खिशात ठेवायला लावली. वापरात नसेल तेव्हा पेन्सिल सेल बाहेर काढायचा, नाहीतर तो पाझरतो आणि आतली धातूची पत्री हिरवी पडते. पडलीच तर खोडरबराने हलक्या हाताने घासायची, ब्लेडने खरवडायची नाही. वायर बोटाभोवती घट्ट गुंडाळायची नाही, ती वळणावर आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. यंत्र कुंई करून ओरडलं तर ते बिघडलेलं नसतं, गुंडी कानात नीट बसलेली नसते. पावसाळ्यात रात्री ते स्टीलच्या डब्यात भाजलेल्या तांदळांच्या पुरचुंडीबरोबर ठेवायचं. शेजारपाजारचे लोक ट्रान्झिस्टर आणि घड्याळं घेऊन मला विचारायला यायचे. मला त्याचा अभिमान होता.

दर रविवारी चहानंतर मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून यंत्र साफ करायला बसायचो. सेल काढला की बाबा खाटेवर तोंड खिडकीकडे करून बसत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. मला वाटायचं, बिचारे कंटाळतात.

एका खोलीत नवराबायकोला बोलायला जागा नसते. रात्री कुजबुजलं तरी भिंतीपलीकडचे खाकरतात. रविवारी सेल बाहेर असायचा त्या वेळात मात्र आम्ही मोकळ्या आवाजात बोलायचो. ती ओट्याशी, मी खाली, बाबा खिडकीत. हळूहळू दहा मिनिटांची सफाई वीस मिनिटांवर गेली. स्वच्छ झालेली पत्री मी पुन्हा पुन्हा घासत बसायचो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

बायकोला दिवस गेले होते. एका रविवारी ती म्हणाली, "अहो, पाळणा कुठे टांगायचा ते सांगा आधी. खाटेवर?"

"बाबांना गावी पाठवू," मी म्हणालो. "चुलत्यांचं घर आहे, पडवी आहे."

"तिथे त्यांच्याशी बोलणार कोण? यंत्र कोण बघणार? आणि त्यांना विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? ते काय नाही म्हणणार आहेत?" खोडरबर फिरवता फिरवता मी पुढे बोललो. "इथे बहिरे बसलेत, तिथे बहिरे बसतील. बाबांना काय फरक पडतो?"

बायकोने स्टोव्हला पंप मारायला घेतला. मी सेल बसवला, गुंडी पुसली आणि यंत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घातलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "बरा झाला."

त्यानंतर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी यंत्र उघडून बसलो होतो तेव्हा बाबांचे जुने जोडीदार आले. लूम खात्यात दोघांचे माग समोरासमोर होते. ते कांजूरमार्गला राहायचे आणि वर्षातून एखाद्या वेळी यायचे. मी उठून म्हणालो, "काका, दोन मिनिटं थांबा, सेल घालतो. त्यांना ऐकू येणार नाही."

"तू कर तुझा काम," म्हणत ते दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि खाटेवरच्या बाबांशी बोलू लागले. आवाज न करता. नुसते ओठ हलत होते, मधेच दोन बोटं उठत होती. बाबाही तसेच बोलत होते, आणि हसत होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालल्या होत्या आणि स्टोव्हच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मी विचारलं, "काका, हे काय?"

"काय म्हणजे? लूम खात्यात आवाज खय ऐकाक येता? समोरच्याचे ओठ वाचूचे. सगळेच वाचतत." मग हसून म्हणाले, "तुझो बापूस तर वस्ताद. जॉबर, म्हणजे आमचो मुकादम, दुसऱ्या टोकाक उभो ऱ्हवान गाळी घाली, आणि ह्यो हयसून आमका सांगी, आज कोणाच्या आवशीचो उद्धार झालो तो."

माझ्या हातातून सेल सुटला आणि खाटेखाली घरंगळत गेला. बायको ओट्याशी पाठमोरी होती, ती वळली नाही. मागून किंवा अंधारात बोललं की बाबा "काय?" म्हणून विचारायचे. समोरून बोललेलं त्यांनी मला कधी पुन्हा विचारल्याचं आठवेना. मी माझ्या बापाला तीस वर्षं ओळखत होतो, आणि लूम खात्याच्या रिवाजाबद्दल गिरणगावातल्या कुठल्याही पोराला जे ठाऊक असतं, ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी त्यांच्या यंत्राचा अभ्यास केला होता.

"पण ते तर खिडकीकडे तोंड करून बसतात," मी कसंबसं म्हणालो. स्वतःचीच समजूत घालत होतो.

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ थोडा वेळ हलले. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते खाली बघून म्हणाले, "तो म्हणता, मुद्दाम बसतंय. पोरांका बोलूक जागा नाय, तेवढो येळ तरी गावांदे. पण कधी कधी मान वळता. बाबा ह्यो शब्द वाचूक एकदम सोपो. दोनदा ओठ मिटतत."

मी सेल शोधायच्या निमित्ताने खाटेखाली वाकलो आणि तिथेच राहिलो. वर काका बोलत होते, "माका पत्र धाडून बोलावल्यान. गावाक जाऊचा म्हणता. म्हटलो, दोघांनी एकत्रच जाव. तुका ठाऊक असतलाच."

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे, बाबांनी ठरवलंय हे ठाऊक नव्हतं. मी सेल घेऊन वर आलो. तो आत बसवताना उलटा बसवला, पुन्हा काढला. यंत्र दिल्यावर बाबांनी गुंडी कानात घातली, चाक फिरवून आवाज मोठा केला आणि त्यांच्या त्या गिरणीतल्या चढ्या आवाजात म्हणाले, "बोल आता."

मी म्हणालो, "बाबा, जाऊ नका." पण म्हणताना मी त्यांच्या खिशातल्या डबीकडे बघत होतो.

"वर बघून बोल," ते म्हणाले. रागाने नाही. माझी मान वर झाली नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग सुनेकडे वळून म्हणाले, "गो, पाळण्याक कडी हय नको, तुळई कमकुवत हा. त्या बाजूक मार."

पुढच्या आठवड्यात ते काकांबरोबर एसटीने गेले. मी तांदळांची पुरचुंडी, डबा आणि नवे सेल दिले आणि सगळे नियम एका कागदावर लिहून दिले. यंत्राबद्दल त्यात सगळं होतं.

मे महिन्यात बाळाला दाखवायला आम्ही गावी गेलो. यंत्र फडताळात होतं. डब्यात कोरडं ठणठणीत, वायर सैल गुंडाळलेली, सेल वेगळा काढलेला, पत्री लखलखीत. मी सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. फक्त ते कानात घालत नव्हते. विचारलं तर म्हणाले, "हय कोणाचा ऐकूचा हा?"

संध्याकाळी ते पडवीत नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मी समोर जाऊन बसलो. उजेड पुरेसा होता. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि आवाज न काढता, ओठ नीट हलवून म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

त्यांनी ते वाचलं, एवढी माझी खात्री आहे. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं आणि तोंड अंगणाकडे वळवलं, अगदी नाहूरच्या खिडकीकडे वळवायचे तसं.