राजा, सिंह आणि तुंगक्का

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्याकडे पैसा साठत नाही, किस्से मात्र भरपूर साठतात! बेंगळुरात चिक्कपेठेच्या आमच्या ब्रँचमध्ये आम्ही तिघं मराठी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमचा हेड कॅशियर गुंडण्णा नसता, तर मला सांगण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

*

स्वातंत्र्य मिळालं तरी नोटेवर इंग्लंडचा राजा तसाच होता. मग पन्नासच्या सुमाराला अशोकस्तंभाच्या सिंहांच्या नोटा आल्या. पहिलं बंडल गुंडण्णानं डोळ्यांना लावलं आणि ड्रॉवरला कुलूप घातलं. सकाळभर गिऱ्हाइकांच्या हातात राजाच! शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाले, "अहो, स्वातंत्र्य वाटायचं असतं!"

*

सुपारीचे एक व्यापारी नवी नोट घेईनात. राजा नाही म्हणजे नोट खोटी, असं त्यांचं ठाम मत. सिंहाला बाजारात कोण ओळखतंय, असं म्हणत ते वाद घालू लागले.

गुंडण्णा शांतपणे म्हणाला, "स्वल्प ओळख वाढवा. आता हेच घरचे."

*

लग्नसराईत तर कहर. आहेराला जो तो सिंह मागायचा. येलहंक्याच्या एका लग्नात वधूपित्यानं राजाचं पाकीट चक्क परत केलं आणि सांगितलं, ह्यांना आमंत्रण नव्हतं!

*

आणि आमच्या तुंगक्का. त्यांचे यजमान शाळामास्तर. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले ते परत आलेच नाहीत. अक्का महिन्याला पैसे काढायला यायच्या आणि फक्त सिंहांच्या नोटा घ्यायच्या. "ज्याच्या तुरुंगात हे गेले, त्याचं तोंड मी घरात आणणार नाही," असं त्यांनी नव्या नोटा आल्या तेव्हाच सांगितलं होतं. चिल्लरीवरचा राजासुद्धा डब्यात पालथा घालून ठेवायच्या.

एकदा ब्रँचमध्ये सिंह संपले. अक्का रिकाम्या हातानं निघाल्या. गुंडण्णा जेवणाच्या सुट्टीत पेठेतली दुकानं फिरला, राजा देऊन सिंह गोळा केले आणि संध्याकाळी अक्कांच्या घरी पोचवले. मला ह्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "भाजी आणायला गेलो होतो, वाटेत घर लागलं."

*

पुढे सरकारनं राजाच्या नोटा बंद व्हायची तारीख जाहीर केली. लोकांनी ट्रंका, देव्हारे, तांदळाचे डबे उपसले. काउंटरवर ही झुंबड! मुदत संपली, गर्दी ओसरली, आणि मग एका दुपारी तुंगक्का आल्या.

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत घड्या पडून मऊ झालेली पाच रुपयांची नोट होती. राजाची.

गुंडण्णा बघतच राहिला. "अक्का, तुमच्याकडे ही?"

"पोलीस न्यायला आले तेव्हा ह्यांनी हातात ठेवली. द्यायला दुसरं काही नव्हतं घरात."

"अहो, मग आधी का नाही आणलीत? बदलून दिली असती. आता बाजारात कुणी घेणार नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, अक्का."

अक्कांनी नोट पुन्हा पदरात बांधली, गाठ घट्ट केली.

"सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता ही नुसती ह्यांची."