चौथं प्रकरण कोणाचं

माझ्या आईला वाचनालयातून तीनदा ताकीद मिळाली आहे. गुन्हा एकच, पुस्तकात पेन्सिलीनं लिहिणं. राजापेठेतल्या घरात आम्ही दोघीच. मी रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला जाते आणि आई दुपारभर कादंबऱ्या वाचते. सातवी शिकलेली बाई, पण लेखक कितीही मोठा असो, ती भीडभाड ठेवत नाही. नायिका चार पानं दारात उभी राहून वाट पाहत असेल, तर समासात आईचं अक्षर असतं, 'हिले काही काम नाही का?'

तिचा लाडका प्रश्न मात्र वेगळाच. एकदा सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एक जाडजूड कादंबरी वाचून तिनं ती माझ्यासमोर आदळली.

"साडेतीनशे पानं झाले वं. हा बावा दर दहा पानाले जेवून राह्यला. हे बाई वाढते, रडते, झुरते, शेवटी मरून जाते. पन ही जेवली कवा? एक घास दाखव मले."

मी हसले. पदव्युत्तर वर्गांना स्त्रीवाद शिकवणारी बाई मी. आईच्या बोलण्यावर हसायचा हक्क मला पगारासोबतच मिळाला होता.

त्या दिवसांत माझी पीएचडी अडकली होती. विषय मराठी कादंबरीतल्या नायिकांच्या स्त्रीवादी वाचनाचा. तीन प्रकरणं परदेशी विदुषींच्या व्याख्यांनी गच्च भरली होती आणि चौथं कोरं होतं. माझे मार्गदर्शक सर दर आठवड्याला विचारायचे, "चौथ्याचं काय?" मग एकदा सकाळच्या गाडीत आईचा प्रश्न आठवला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत माझी अर्धी वही भरली. जुन्या-नव्या चौदा कादंबऱ्या घेतल्या आणि कोण, कधी, काय जेवलं ते टिपत गेले. आई बरोबर होती. अगदी ताज्या कादंबरीतली, घटस्फोट घेतलेली, स्वतःची गाडी चालवणारी नायिकासुद्धा नुसत्या कॉफीवर जगत होती.

प्रकरणाला नाव दिलं 'अन्न, देह आणि कर्तेपण'. आईचा तीन शब्दांचा प्रश्न मी बासष्ट पानांत फुगवला. तळटीपा एकशे अकरा. त्यात आई कुठंच नाही.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना जेवू घालायचं, ही आमच्याकडची अलिखित रीत. बाहेरून येणारे परीक्षक पुण्याचे. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "हॉटेलचं सोसत नाही हो, घरचंच साधंसं काहीतरी बघा." साधंसं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. आई पहाटे उठून कामाला लागली. बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, भाकरी, वांग्याचं भरीत, गोळाभात, कढी.

तिकडे विद्यापीठात परीक्षकांनी नेमकं चौथं प्रकरण उघडलं. "हे अस्सल आहे. सुचलं कसं तुम्हाला?"

'आईनं सांगितलं' हे काय चारचौघांत द्यायचं उत्तर आहे? डिग्री हातातून गेली तर? मी म्हटलं, "मूळ संहितांच्या सूक्ष्म वाचनातून, सर." ते सूक्ष्म वाचन त्या वेळी घरी पातोड्या थापत होतं.

दुपारी परीक्षक, सर आणि मी जेवायला बसलो. आई वाढत होती. परीक्षक मोकळ्या मनाचे माणूस. ते आईला म्हणाले, "तुमच्या लेकीनं फार मूलभूत प्रश्न विचारलाय बरं का. कादंबरीतली बाई जेवते कधी? आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं."

आईची पळी रश्श्याच्या भांड्यात थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कढीकडे पाहिलं.

"असं का?" आई म्हणाली. "हुशार हाय पयल्यापासून. तुमी रस्सा घ्या."

त्यांनी तीनदा घेतला. पाहुणे गेले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पातोड्या संपल्या होत्या. आई ओट्यापाशी बसून ठेच्यासोबत गार भाकर खात होती. ती जेवली कवा, हे मला अगदी मिनिटासकट माहीत आहे. मला लाज वाटली, खरंच वाटली. पण अभिनंदनाचे फोन येत होते, ते मी घेत राहिले.

पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं. मनोगतात मी लिहिलं, 'आईने घरची जबाबदारी सांभाळली म्हणून हे काम पूर्ण होऊ शकले.' पुरुष संशोधक बायकोबद्दल हेच वाक्य लिहितात, आणि दुसऱ्या प्रकरणात त्यावरून मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली आहे.

घरात पुस्तकाच्या दहा प्रती होत्या. आईनं एकीलाही हात लावला नाही. मग गेल्या महिन्यात वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला. "मॅडम, आईंनी परत लिहिलं. अन् यावेळी तुमच्याच पुस्तकात. खोडरबर घेऊन या."

गेले. मनोगतातल्या त्या वाक्याखाली रेघ होती आणि शेजारी पेन्सिलीनं, 'अन् चवथं प्रकरण कोनाचं?'

खोडरबर पर्समध्येच राहिलं. मी ग्रंथपालांच्या टेबलावरचा पेन उचलला आणि खाली लिहिलं, 'आईचं.'

"मॅडम, तुमी पण?" ते म्हणाले. "अन् पेननं?"

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, माझा आवाजही भरून आला. आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती. कादंबऱ्या शिकवून शिकवून अशा सवयी लागतात. आईनं काडी मोडली, पानं टोपल्यात टाकली आणि म्हणाली, "एका पुस्तकात लिवलं. बाकीच्यात कोन लिवन?"

"दुसऱ्या आवृत्तीत छापते."

"निंगते का वं तसल्या पुस्तकाची?"

निघत नाही. समीक्षेच्या पुस्तकाची पहिलीच आवृत्ती प्रकाशकाच्या गोदामात पडून असते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. म्हणून इथं लिहिते आहे, तळटीपेत नाही, मजकुरात. चौथं प्रकरण माझ्या आईचं आहे.